मानेखालचं ठिगळ

कापडाला उलट-सुलट असती हे मला शाळेत जायच्या आधी कळलं. लाकडाला बी असती हे कुणी सांगितलंच न्हाई, आन् त्याच्यावरूनच सगळं झालं.

मी मुरुडची. सातवीतून शाळा सुटली, मंग शेजारच्या शिंपीणबाईच्या मशीनीपाशी बसून कापायला शिकले. लग्न होऊन लातूरला आले ती सुताराच्या घरात. पुढं पत्र्याच्या शेडात कारखाना, मागं दोन खोल्या, आन् घरातल्या भाकरीत बी कधीमधी भुसा लागायचा.

तवा लातूर नवा जिल्हा झालेला. नवी कचेरी, नवे साहेब, हरेक साहेबाला टेबल पाहिजे, टेबलाला खुर्ची, फायलीला रॅक. पाऊस सलग दुसऱ्या साली गायब व्हता, टँकर आला तर पाणी, न्हाईतर घागरी वाळत बसायच्या, पर सुताराला मान वर करायला फुरसत न्हवती. नवरा तिकडं नायगावला शाळेचे बाक करायला गेलेला, हितं सासरा एकटा. सासऱ्याला मी मामा म्हणायची, सासूला आत्या. माझी पोरगी पाच महिन्यांची, तिचा झोका मी कारखान्याच्याच आड्याला बांधला, कामून की तिला करवतीच्या आवाजात झोप लागायची आन् आवाज थांबला की उठून बसायची.

तिला झोका देता देता मी आधी भुसा झाडायला लागले, मंग पॉलिशपेपर घासायला, मंग एक दिवस मामा जेवायला उठले तवा रॅकच्या फळीत खाच अर्धी राहिली व्हती ती मी पटाशी घेऊन पुरी केली. मामा आले, त्यांनी खाचेत बोट घातलं, चारी कोपऱ्यातनी फिरवलं, आन् दुसरी फळी माझ्याकडं सरकवली.

आत्याचं मात्र तोंड सुरू झालं. "दसऱ्याला हत्याराला हळदकुंकू लावायचं बाईनं. हत्यार हातात न्हाई घ्यायचं."

"का हो आत्या? विळी घ्यायची, सुई घ्यायची, आन् पटाशी न्हाई?"

"विळी पायाखाली असती. पटाशी देव्हाऱ्यात असती. तुला काय समजतंय!"

मामा रंदा मारतच म्हणले, "बायको, देव्हाऱ्यातल्या देवाला रोज अंघोळ कोण घालतं? मी का तू?"

आत्याला ते पटलं न्हवतं. आन् खरं सांगायचं तर मामाला बी पुरतं पटलं न्हवतं. गर्दी व्हती म्हणून चाललं व्हतं. पोरगा नायगावहून आला की सून पुन्हा चुलीपाशी, हे मला न सांगता कळत व्हतं. आन् मला तर त्या पटाशीची चटक लागलेली. कापड कापलं की ढिलं पडतं, हातात राहत न्हाई. लाकूड कापलं की तसंच उभं राहतं, म्हणतं बघ, तूच केलं.

तशात एक गिटारवाला आला. दिवसा दाळमिलीत फिटर, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लग्नात, जत्रेत, गणपतीत. त्याची गिटार इजेवर चालायची. तिची मान त्यानं हैदराबादहून जुनी आणलेली, तारा, चुंबकाच्या पेट्या, बटनं सगळं स्वतः जोडलेलं, फक्त धड व्हतं प्लायवुडचं. ते मानेपाशी फाटलेलं, त्याला तांब्याची तार गुंडाळली व्हती.

"मिस्त्री, असंच धड करून द्या, पर सागाचं. तारांचा ताण लई असतो, प्लाय टिकत न्हाई."

मामा म्हणले, "मास्तर, मला कलेक्टरचे सहा रॅक हायत." मंग माझ्याकडं बघितलं. "ही करती. हिला नक्षा कापता येतो."

गिटारवाला माझ्याकडं बघून हसला, मला वाटलं नगं म्हणंल, पर तो म्हणला, "वैनी, पोरीच्या झबल्याला बाही बसवतात तसंच हाय समजा. वाकडं कापायचं आन् सरळ बसवायचं."

तो गेल्यावर मामा बोलले. "हे पुरं तुझं. मी हात लावणार न्हाई. जमलं तर ही पटाशी तुझी, पोरगा आला तरी तुझी. बिघडलं तर पुन्हा कारखान्यात झाडू घेऊन ये, हत्यार मागू नको."

मला त्या दिवशी भाकर गेली न्हाई. भीतीनं बी आन् खुशीनं बी.

गिटार खाकी कागदावर उताणी ठेवून मी भवतीनं पेन्सिल फिरवली. मान, पेट्या, बटनं कुठं बसतात त्या खुणा केल्या आन् गिटार त्याला परत दिली, कामून की त्याला मधल्या दिवसात प्रोग्राम व्हते. त्या धडाला मानेच्या दोन्ही बाजूला खाचा व्हत्या, ब्लाउजच्या मुंढ्यासारख्या, पर एक खोल आन् एक उथळ. ब्लाउजचा बी पुढचा मुंढा खोल असतो, मागचा उथळ. मला लई ओळखीचं वाटलं. तिथंच जास्ती हुशारी आली.

फळी मामानं काढून दिली. तहसीलच्या जुन्या कचेरीचं, निजामाच्या टायमाचं टेबल मोडलेलं, त्याची वरची सागवानी फळी, दीड इंच जाड. वरच्या अंगाला शाईचे डाग, चहाच्या कपांची गोल गोल चकरं. खालचं अंग मात्र कोरं, रेघा अशा की जणू इरकलीचा काठ. मामानं सगळीकडून बघून वरच्या अंगावर लाल पेन्सिलीनं एक वाकडी शेपटी काढली आन् कामाला गेले. मला वाटलं, पेन्सिल चालती का बघितलं असंल.

आता शिवणाऱ्या बाईचा हात ऐका. खडूची खूण नेहमी कापडाच्या उलट अंगाला करायची, सुलट अंग खराब होऊ द्यायचं न्हाई. मी कोरं अंग सुलट धरलं, शाईचं अंग उलट धरलं, आन् पिठाची खळ करून कागद शाईच्या अंगावर चिकटवला. ती लाल शेपटी बी कागदाखाली गेली. त्यावरून बारीक करवतीनं धड कापून काढलं. चार दिवस लागले, दोन्ही पंजाला फोड आले. मंग पालटून कोऱ्या अंगावर मापं टाकून मानेची, पेट्यांची खाच पटाशीनं खोल केली. असं सरळ, असं गुळगुळीत झालं व्हतं की मी आत्याला मुद्दाम दाखवायला नेलं.

आत्या म्हणल्या, "चांगलं हाय. पाट करायचा का ह्याचा?"

बुधवारी गिटारवाला मान घेऊन आला, बसती का बघायला. मान बसली. बरोबर बसली, कागद घालायला फट न्हाई. त्यानं ते धड पोटाशी धरलं आन् त्याचं तोंड उतरलं.

"वैनी, हे उलटं झालं."

"कसं उलटं?"

"वरच्या सुरांना बोटं जावी म्हणून मानेशेजारची खोल खाच खालून पाहिजे. ही वर आली. डावखुऱ्याची गिटार झाली ही." मंग हळू म्हणला, "आयतवारी उदगीरला प्रोग्राम हाय. जुनं धड काल पुरतं फाटलं."

मला कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. पोरगी रडूलालती ते बी दिसलं पर ऐकू आलं न्हाई. आत्यानं तिला उचललं आन् जाता जाता म्हणल्याच, "मी काय म्हणलं व्हतं?"

मामानं रंदा खाली ठेवला. धड हातात घेतलं, पालटलं, कागदाचा एक तुकडा अजून चिकटलेला तो नखानं खरवडला. खाली लाल शेपटी अर्धी राहिलेली.

"हे निशाण कुणी काढलं?"

"तुम्ही."

"हे कशाचं असतं?"

मी खाली बघत म्हणलं, "मला वाटलं, पेन्सिल चालती का बघितलं."

गिटारवाल्याला हसू आलं, त्यानं खोकून दाबलं. मामा हसले न्हाईत. म्हणले, "सुतार लाकडाचं तोंड ठरवतो आन् तोंडावर निशाण काढतो. मंग सगळी मापं त्याच अंगाकडून घ्यायची. वरचं अंग टेबलाचं व्हतं, शंभर साल सपाट राहिलेलं, म्हणून तेच तोंड धरलं. पोराला हे मी मिसरूड फुटायच्या आधी सांगितलं. तुला सांगितलंच न्हाई." मंग गिटारवाल्याकडं वळले. "मास्तर, रॅक थांबवतो. शनवारपातूर मी दुसरं करून देतो."

माझं सगळं गेलंच व्हतं तिथं. झाडू तिकडं कोपऱ्यात दिसूलालता. पर 'सांगितलंच न्हाई' हे ऐकलं आन् माझ्या जिवात जीव आला, कामून की मंग माझा हात वाईट न्हवता. हात बरोबर व्हता, फक्त अंग चुकलं व्हतं, पालटल्यामुळं डाव्याचं उजवं झालं व्हतं. आन् अंग चुकलेली ब्लाउजं मी कितीक दुरुस्त केलेली.

"मामा, पुरं माझं म्हणला व्हता तुम्ही."

"म्हणलो व्हतो."

"मंग आजून माझंच हाय. पालटून घेतलं तर खोल मुंढा खाली येतो. हिकडच्या मानेच्या, पेट्यांच्या खाचा बुजवायच्या, शाईच्या अंगाला नव्या पाडायच्या."

"बुजवायच्या कशानं? खडू-तेलाची लांबी भरून? मानेचा सगळा ताण तिथंच येतो, माय. एका तारेनं लांबी फुटंल."

"ठिगळानं. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्याचं. उभ्या धाग्याला उभा धागा, आडव्याला आडवा. ठिगळ धाग्यात लावलं तर ओढलं तरी सुटत न्हाई."

मामानं फळीचा उरलेला तुकडा उचलून बघितला. मंग म्हणले, "लाकडात त्याला रेघ म्हणतात. पर गोष्ट तीच हाय."

गिटारवाला डोकं खाजवत उभा. "वैनी, आयतवार—"

"शनवारी दुपारी या. तारा घेऊन या."

कुठून आलं तोंडात काय माहीत. तो गेल्यावर मी झोक्यापाशी खाली बसले.

बेस्तरवारी ठिगळं कापली. एक मानेखालच्या खाचेचं, दोन पेट्यांच्या खाचांची. रेघ बघून बघून डोळे दुखले. मान-खाचेचं ठिगळ असं घट्ट बसलं की मी खूश झाले, पर मामा म्हणले आधी चुलीवर वाळव, चिकटवायच्या सरसाचं पाणी पिऊन ते फुगतं आन् जाम होतं, ओलं बसवलं तर पुढं वाळून सुटतं. मी तिन्ही ठिगळं चुलीच्या वैलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर मान-खाचेचं ठिगळ खडखड हलूलालंय. वाळून बारीक झालं.

"वाळवायचं आधी, कापायचं मंग," मामा म्हणले. "हे बी मी सांगितलं न्हाई का?"

"न्हाई."

"मंग आजून काय काय सांगायचं राहिलंय, एकदा बसून लिहूनच घे."

पेट्यांची ठिगळं मी सढळ कापली व्हती म्हणून ती वाचली. मान-खाचेसाठी नवा तुकडा आधी वाळवला, मंग कापला. सरस शिजवायला पाणी लागतं, आन् तीन दिवसांपासून टँकर न्हवता. घागरीत तळाला पोरीच्या अंघोळीपुरतं पाणी. मी घागरीकडं बघत उभी, तर आत्या आल्या, त्यांनी तांब्या बुडवून माझ्या हातात दिला.

"तिला ओल्या फडक्यानं पुसून घेते. काय व्हतंय एक दिवस? सुताराची पोरगी हाय, भुशात न्हाते." मंग दारात थांबून म्हणल्या, "पर शनवारी त्यानं नावं ठेवली न, तर मी बी ठेवीन."

सरस गरम गरम लावला, ठिगळं हातोडीनं लाकडी ठोकळा मधी धरून बसवली, शिकंज्यात आवळली. शनवारी सकाळी सोडली. रंदा मारला तसा सरसाचा पिवळा थर गेला आन् खालून रेघ हिकडून आली ती ठिगळातून सरळ तिकडं गेली.

आता नव्या खाचा. पटाशी लावायच्या आधी हात थांबला. पुन्हा उलटं झालं तर? आत्या म्हणल्या, "आरशापुढं धरून बघ की, गिटारवाला धरतो तसं."

"आरसा नगं आत्या! त्याच्यात डाव्याचं उजवं होतं, तोच तर घोटाळा हाय!"

मंग मला सुचलं. पोरीला मी डाव्या कडेवर घेते, तिचं डोकं डावीकडं, पाय उजवीकडं. गिटारवाल्याची मान बी डावीकडं. मी ते धड पोरीसारखं आडवं धरलं, डोकं जिथं येतं तिथं मान-खाच, शाईचं अंग बाहेर, खोल मुंढा खाली. दोनदा धरलं. तिसऱ्यांदा पोरीलाच तसं आडवं धरून बघितलं, ती खिदळायला लागली. मंग लाल पेन्सिल घेतली आन् शाईच्या अंगावर अर्धी राहिलेली शेपटी पुरी काढली.

खाच पाडताना मात्र लई जपावं लागलं. मानेपाशी आता मधी अस्सल लाकूड पाव इंचच राहणार, त्याच्या पाठीला माझं ठिगळ. पटाशी जरा जास्ती गेली की आरपार. मी एकेक सालपट काढलं, कागदासारखं. मामा आपल्या रॅकपाशी व्हते, पर त्यांची हातोडी बराच येळ वाजली न्हाई.

शाईच्या अंगाला रंदा मारला तर चहाची चकरं गेली, शाई न्हाई गेली. खोल मुरलेली. मी आणखी घासलं न्हाई. घासलं असतं तर जाडी गेली असती.

गिटारवाला दुपारी आला. मान बसवली, पाठीमागून चार स्क्रू माझ्या ठिगळातून आत गेले. पेट्या, बटनं, तारा. मंग त्यानं तारा ताणायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. चवथ्या तारेला लाकडातून आवाज आला. टक्क.

आत्या पोरीला घेऊन पुढं सरकल्या.

गिटारवाल्यानं पालटून बघितलं. मामानं डोळे मिटून अंगठा फिरवला, ठिगळाच्या कडंकडंनं, फट लागती का. "स्क्रू बसला जागेवर. लाकूड गेलं न्हाई." मंग पेटीच्या ठिगळापाशी अंगठा थांबला. "हितं जरा हाताला लागतं."

मी म्हणलं, "लागू द्या. मानेपाशी लागतं का?"

"न्हाई."

"मंग ताणा मास्तर."

त्यानं उरलेल्या दोन बी ताणल्या. इजेवरचा आवाजाचा डबा हितं न्हवता, म्हणून त्यानं तसंच छेडलं, बारीक आवाज निघाला, डासासारखा. आत्यानं धडाला कान लावला, त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं बया, आतून बोलतंय की!" मंग सगळ्यांनी कान लावले. मी शेवटी लावला. गालाला लाकूड थरथरलं.

त्या शाईच्या डागाकडं बोट दाखवून मी म्हणलं, "ह्याला रंग देता येतो."

"नगं वैनी," तो म्हणला. "हे तहसीलदाराचा सही-शिक्का समजतो मी."

आयतवारी रात्रीच्या प्रोग्रामाला आम्ही कुणी गेलो न्हाई, उदगीर लांब. पर सोमवारी मिलीला जाता जाता तो सायकल न थांबवताच ओरडला, "मान हलली न्हाई, वैनी!" आन् तेवढं बास व्हतं.

आत्यानं नावं ठेवली न्हाईत. पर पटाशी आता कुठं ठेवायची, देव्हाऱ्यात का माझ्या शिवणमशीनीच्या खणात, ह्याच्यावरून आठ दिवस त्यांचं चाललं. मी मशीनीच्या खणात ठेवली.

मामानं काय शाबासकी दिली न्हाई. मंगळवारी एक नवी फळी माझ्यापुढं टाकली, कोरी, दोन्ही अंगाला निशाण न्हाई, आन् लाल पेन्सिल तिच्यावर ठेवली. मी फळी डोळ्यापुढं धरून बघितली, उन्हात धरली, पालटली, पुन्हा पालटली. एका अंगाला जरा बाक व्हता. दुसऱ्या अंगावर मी शेपटी काढली. मामाच्या शेपटीसारखी जमली न्हाई, जरा बाळबोध, माझ्या सहीसारखी. मामानं फळी उचलली, दुसरं अंग बघितलं सुदिक न्हाई, आन् माझ्या निशाणाकडूनच माप घेऊन करवत लावली.

दसऱ्याच्या आधी नवरा नायगावहून आला. कारखान्यात शिरल्या शिरल्या भिंतीला लावलेल्या फळ्या बघूलालता. एक उचलली, ती शेपटी बघितली, कपाळाला आठी घालून बापाकडं वळला.

"दादा, हे कुणाचं निशाण? आपलं न्हाई हे."

मामा रंदा मारतच व्हते. "आपलंच हाय. माप त्याच अंगानं घे."